कानाला लावलेला कॅमेरा

उल्हासनगर, कॅम्प नंबर ५
१४ जानेवारी २०२५

विनिताताई,

तुझं पत्र मिळून पंधरवडा झाला असेल. रोज रात्री लिहीन म्हणतो आणि रोज काहीतरी आडवं येतं. खरं सांगायचं तर आडवं काही येत नाही, मीच आडवा होतो. आज धर्मराज गावाकडून आणलेला भाजीचा टेम्पो खाली करताना म्हणाला, "तुझ्या बहिणीला काय सांगू? पुढच्या खेपेला ती भोपळ्यांच्या वर बसून येणार आहे." म्हणून लिहायला घेतलं.

फोनवर मी विषय सोडून पळतो म्हणून तू कागदावर उत्तर मागितलंस. बरोबर आहे. पण आधी एक सांगतो. जीन्सला बटणं मारायचं काम सोडलं. काम वाईट नव्हतं, पण दिवसभर एकाच जागी बसून ठक, ठक. आता एका मांडववाल्याकडे आहे. कापड बांधायला उंच चढायला मिळतं, वरून सगळा कॅम्प दिसतो, कुणाच्या गच्चीवर पापड वाळतायत, कुणाच्या गच्चीवर भांडण. खोलीत माझ्यासोबत प्रमोद आहे, विठ्ठलवाडीचा. आनंदनगरच्या एका कंपनीत रात्रपाळी करतो. तो झोपतो तेव्हा मी कामावर, मी झोपतो तेव्हा तो. एकच गादी दोघांना पुरते.

आता कॅमेरा. तू विचारलंस की अंबरनाथचा दुकानदार इमेज स्टॅबिलायझेशन असलेलाच घ्या म्हणतो, तर ते काय असतं आणि लागतंच का. मला माहीत आहे तेवढं असं: आपला हात थोडा हलतो, मग फोटोही हलतो. तसं होऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्या आत एक भाग हाताच्या उलट सरकतो. हात उजवीकडे गेला की तो डावीकडे. दुकानदार खोटं बोलत नाही, पण सगळ्यांना तेच सांगतो.

लागतं की नाही हे तू काय काढणार त्यावर आहे, आणि तेवढंच तू लिहिलं नाहीस. तुझ्या लॅबमध्ये काचेवरच्या रक्ताचे फोटो काढणार आहेस की कुणाच्या लग्नाचे? आईला विचारलं म्हणून सांग.

भूपेश


गाव
१७ जानेवारी

भूपेश,

बटणं, पापड, गादी. मला विचारायचं होतं ते शेवटून दुसऱ्या परिच्छेदात सापडलं. आमच्या लॅबमध्ये असा रिपोर्ट लिहिला तर काढून टाकतील, पण तुला काय, तू कुठे टिकतोस.

मुद्दाम लिहिलं नव्हतं, आता लिहिते. रविवारी ९ फेब्रुवारीला बैलगाड्यांची बिनजोड शर्यत आहे. परत त्याच माळावर, परत हिंदुरावांच्या गाडीशी. दोनच गाड्या सुटणार, ज्याच्या बैलाचं तोंड आधी निशाणाच्या रेषेवर तो जिंकला. गेल्या वर्षी पंचांनी हिंदुरावांना निशाण दिलं. बाबा अजून म्हणतो, आपला चांद्या मानभर पुढे होता. गावात कुणी ऐकत नाही, कारण दाखवायला काही नाही. शर्यतीचा पूर्ण व्हिडिओ एकट्या तुझ्याकडे होता, आणि त्यात गाड्या रेषेपासून हातभर लांब असताना तू मोबाईल वर फिरवलास. पुढे नुसता ड्रोन. आकाशात फिरणारा दुसऱ्याचा ड्रोन. शेवटी आईचा आवाज, "अरे, खाली बघ."

त्यावर मी आता काही बोलणार नाही. बाबाच बोलतो तेवढं पुरे आहे. तुझं नाव घेत नाही, "तो ड्रोनवाला" म्हणतो. गेल्या आठवड्यात आईने संक्रांतीला तुला बोलावूया म्हटलं, तर गोठ्यात जाऊन बसला. मग तिथूनच बोलला. जसं बोलला तसं लिहिते: "चांद्याचा तोंड रेषेवर मना दिसंल, तवा त्याला अंगणात पाय ठेवू दे."

म्हणजे या वेळी रेषा दिसली पाहिजे. बाबाला हवी आहे त्याच्या कारणाने, मला हवी आहे माझ्या. म्हणून कॅमेरा घेते आहे. मोबाईलचा भरवसा नाही आणि तुझा तर नाहीच. आता सांग, स्टॅबिलायझेशन असेल तर पळता बैल नीट येईल का? बाबाचं मत आहे की बैल हलतो, कॅमेरा कशाला हलेल. दुकानदाराचं मत तू वाचलंसच. माझं मत असं की असलंच तर ते तुझ्या मानेला बसवायला हवं.

उत्तर लवकर दे. विषयाला धरून.

विनिता

ता. क. तुझी पत्रं मी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवते. तिथून ती हलतात. आई वाचत नाही.


उल्हासनगर
२५ जानेवारी

ताई,

बाबाचं वाचलं. त्यावर नंतर कधीतरी लिहीन, आधी कामाचं.

इथे फर्निचर बाजाराच्या मागे परसराम शेठचं दुकान आहे. जुने कॅमेरे, जुनी घड्याळं, एक जुना पोपट. पोपट विकायचा नाही. मी त्याला सगळं सांगितलं, बैल, रेषा, निशाण. त्याला बैल म्हटल्यावर शेअर बाजार आठवला, तिथून परत माळावर आणेपर्यंत अर्धा चहा गार झाला. पण माणूस चांगला. दोन कॅमेरे काढून दिले, एक स्टॅबिलायझेशनवाला, एक साधा. म्हणाला, जा, फिरून ये. माझी सायकल ठेवून घेतली.

मी विठ्ठलवाडीच्या बस डेपोवर गेलो. फाटकातून बस वळून येते ना, तिथे उभा राहिलो. आधी उभ्या बसचा नंबर काढला. साध्या कॅमेऱ्यात माझा हात हलल्याचं दिसलं, तीनचा आठ झाला. दुसऱ्यात नंबर एकदम स्वच्छ. म्हटलं दुकानदार जिंकला. मग चालत्या बसचा काढला. दोन्हीकडे नंबर पुसलेला, जसा ओल्या पाटीवर हात फिरवावा. स्टॅबिलायझेशन चालू ठेवा नाहीतर बंद करा, बसला काही फरक नाही. तेवढ्यात डेपोचा वॉचमन आला. त्याला वाटलं मी वरच्या ऑफिसातून तपासणीला आलोय. त्याने मला आपल्या गळक्या छताचे चार फोटो काढायला लावले. काढले. ते चांगले आलेत, छत हलत नव्हतं.

तर उत्तर असं. ही सोय आपला हात सावरते, समोरच्याचे पाय नाही. बैलासाठी दुसरी गोष्ट लागते, फोटो किती झटकन घ्यायचा ती. कॅमेऱ्याला सांगायचं की सेकंदाचा हजारावा तुकडाच घे. दुपारचं ऊन असेल तर जमतं. शेठने शिकवलं, मग परत जाऊन बसवर करून बघितलं, पळत्या बसचा नंबर वाचता आला. आणि हात मुळात मध्ये आणायचाच नाही. तीन पायांचा स्टँड घे, रेषेच्या अगदी समोर उभा कर, व्हिडिओ चालू कर आणि लांब हो. नंतर एकेक चित्र थांबवून बघायचं.

म्हणजे तुझ्या कामाला स्टॅबिलायझेशन लागत नाही. तरी मी तोच ठरवलाय, कारण बाकी सगळ्यात तो बरा आहे आणि शेठ दोन्ही एकाच भावात देतोय. फक्त स्टँडवर ठेवलास की ती सोय बंद कर. नाहीतर हात नसताना हात शोधत बसतो आणि स्वतःच हलतो, असं शेठ म्हणाला.

धर्मराजबरोबर पाठवतो. वांग्यांच्या रिकाम्या क्रेटखाली ठेवायला सांगितलंय.

भूपेश


गाव
२९ जानेवारी

भूपेश,

कॅमेरा आला आणि लगेच परत निघाला आहे. हे पत्र त्याच पिशवीत आहे.

झालं काय ते सांगते. मी लॅबमधून यायच्या आधी धर्मराजने पिशवी बाबाच्या हातात दिली. आई म्हणते, बाबाने तो अंगणात नेला, उजेडात धरला, चारही बाजूंनी फिरवला. बॅटरीचं झाकण उघडून आत पाहिलं, जसे बैलाचे दात बघतो तसं. पट्टा ओढून बघितला. काचेवर फुंकर मारली. इथपर्यंत खूश होता म्हणे. मग नारळासारखा कानाशी नेऊन हलवला.

आत खडखड वाजलं.

मी आले तेव्हा तो ओटीवर बसलेला, कॅमेरा लांब ठेवलेला, जसा काही चावणार आहे. मला हलवून दाखवला. खरंच वाजतो रे, आत काहीतरी मोकळं फिरतंय. मी वाजवला, आईने वाजवला, धर्मराज पाणी प्यायला आत आला होता त्यानेही वाजवला. बाबा म्हणाला, "आत बेरिंग सुटलाय. पोराला परत कुणीतरी टोपी घातली. चालत्या बशीचा नंबर बघत बसला, हातातला वाजतंय ते नाय ऐकला." मग मला म्हणाला, आजच्या आज परत पाठव, माझ्या अंगणात फुटकी वस्तू नको.

मी चालू करून बघते म्हटलं तर हात लावू दिला नाही. फुटक्या वस्तूत वीज सोडायची नाही म्हणे.

आता काय करायचं? शर्यत पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. अंबरनाथचा दुकानदार म्हणतो तो मॉडेल संपला, आता महिन्याने येईल. मी तुझ्यावर ओरडणार नाही, ओरडायला वेळ नाही. शेठला विचार.

विनिता


उल्हासनगर
१ फेब्रुवारी

ताई,

तुला चार ओळी, बाकी कागद दुसऱ्याला आहे.

पिशवी उघडल्यावर मीही कानाशी लावून हलवला. वाजला. माझं डोकं फिरलं. शेठच्या दुकानात शिरून मी जे बोललो ते पोपटाने निम्मं पाठ केलं. शेठने दाल पकवानचा घास पूर्ण चावला, हात पुसले, कॅमेरा घेतला आणि काय ते दाखवलं. काय दाखवलं ते खालच्या पत्रात आहे.

एक विचारायचं होतं. बसच्या नंबराचं बाबाला तू सांगितलं होतंस का? मला नाही वाटत. मग फळीवरची पत्रं कोण हलवतं ते कळलं. म्हणून खालचं पत्र सरळ त्यालाच लिहिलंय. तू वाचू नकोस असं म्हणत नाही, पण फळीवर तेच वर ठेव.

भूपेश

बाबा,

घरी मी तुला तू म्हणतो, कागदावरही तेच ठेवतो.

कॅमेरा परत पाठवलाय. हलवलास तर वाजेल. तुझे कान बरोबर आहेत, आत एक तुकडा खरंच मोकळा आहे. पण तो सुटलेला नाही, तो तसाच बनवलाय. हात हलला की जो भाग उलट सरकतो म्हणून मी ताईला लिहिलं होतं, तोच हा. कॅमेरा बंद असतो तेव्हा त्याला कुणी धरलेलं नसतं, म्हणून तो लोळतो. चालू केला की धरला जातो.

चांद्या गोठ्यात मान हलवतो, घुंगरं वाजतात, म्हणून त्याची मान सुटली असं तू म्हणत नाहीस. जू मानेवर ठेवलं की कसा उभा राहतो ते तूच मला दाखवलं होतंस.

ताईला सांग, वरचं बटण दाबून चालू कर. मग कानाशी धर आणि हलव, हळू. तेव्हा वाजला तर मात्र फुटका आहे, आणि मग तू बोललास ते खरं.

बाकी काही लिहीत नाही.

भूपेश


(बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, धर्मराजबरोबर)

३ फेब्रुवारी

भूपेश,
चालू करून हलवला. नाय वाजत.
बंद करून हलवला. वाजतं.
परत चालू केला. नाय वाजत.
जनू


गाव
१० फेब्रुवारी

भूपेश,

काल शर्यत झाली. सरळ क्रमाने लिहिते म्हणजे तुला कळेल पत्र कसं लिहितात.

तुला ती चिठ्ठी लिहिल्यानंतर बाबाने कॅमेरा माझ्याकडे दिलाच नाही. उशाशी ठेवायचा. जो येईल त्याला आधी बंद करून वाजवून दाखवायचा, मग चालू करून. लोक म्हणायचे, जनूशेठ, ह्यात फोटो पण निघतात का?

स्टँड मी अंबरनाथ पूर्वेच्या एका स्टुडिओतून दिवसभरासाठी मागून आणला. रेषेच्या समोर उभा केला, पायांभोवती दगड ठेवले. तू लिहिलंस तसा हजारावा तुकडा लावला. स्टॅबिलायझेशन बंद केलं. बाबाने विचारलं, केलंस का बंद? म्हटलं केलं. त्याने तुझा कागद खिशातून काढून परत वाचला आणि मग परत विचारलं. चांद्याजवळ जायचं सोडून तो स्टँडजवळ उभा राहिला, हात पसरून, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. मालकाने स्वतःच्या बैलाकडे पाठ करून उभं राहिलेलं त्या माळावर कुणी बघितलं नसेल.

गाड्या आल्या. मला नुसती धूळ दिसली. लोक दोन्ही बाजूंनी ओरडत होते, दोघंही जिंकल्यासारखे. पंच एकमेकांशी बोलत राहिले. मग बाबा म्हणाला, थांबा, यात आहे.

मी चित्र एकेक करून पुढे सरकवलं. पंच वाकून बघत होते, हिंदुराव बघत होते, बाबा सगळ्यात जवळ. इतकं स्वच्छ आलं होतं रे, हिंदुरावांच्या बैलाच्या नाकातली वेसण दिसत होती, तिच्या खालची चुन्याची रेषा दिसत होती. आणि चांद्याचं तोंड दिसत होतं. रेषेच्या अलीकडे. वीतभर.

सगळे बाबाकडे बघत होते. त्याने मला परत मागे घ्यायला सांगितलं, परत पुढे. मग म्हणाला, "दिसला." आणि हिंदुरावांच्या खांद्यावर हात ठेवला. निशाण त्यांनाच दिलं.

घरी येताना बाबा टेम्पोत मागे चांद्याजवळ बसला. मला भीती वाटत होती ती तू ओळखशील. त्याने घातलेली अट मला पाठ आहे. जिंकलेलं तोंड की नुसतं तोंड, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

रात्री जेवण झाल्यावर त्याने माझा मोबाईल मागितला. गेल्या वर्षीचा तुझा व्हिडिओ लावायला सांगितला. एक वर्ष तो त्याने लावू दिला नव्हता. पूर्ण बघितला, ड्रोनपर्यंत, आईच्या ओरडण्यापर्यंत. मग म्हणाला, "गेल्या वर्षी पन असंच झाला असंल." आई भांडी घासत होती, ती थांबली. बाबाने परत ड्रोन लावला आणि म्हणाला, "ड्रोन बाकी बरोबर धरलाय त्यानं. लोक धक्के मारतायत, पोरगा उर्‍या मारतोय, आनि चित्र जराही हललेला नाय."

बस, एवढंच. मग झोपायला गेला.

यातून काय समजायचं ते मला समजत नाही. तुला बोलावू का हे मी आज विचारणार होते, पण तो सकाळपासून चांद्याला धुतोय. तू इतक्यात येऊ नकोस. मी विचारून लिहिते.

विनिता


उल्हासनगर
१६ फेब्रुवारी, रविवार

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ड्रोनची ओळ जास्त वेळा.

तू इतक्यात येऊ नकोस लिहिलंस, तर मी येत नाही. खरं म्हणजे गेल्या रविवारी मी बदलापूरपर्यंत आलो होतो. स्टेशनाबाहेर उभा राहून उसाचा रस प्यायलो आणि परत आलो. माळावरचा आवाज तिथपर्यंत येत नाही. हे तुला सांगणार नव्हतो, पण लिहायला बसलं की हात थांबत नाही.

चांद्याला सांग, वीतभर म्हणजे काही नाही. हिंदुरावांच्या बैलाचं नाक मुळात लांब आहे, हे चांद्या जिंकला असता तरी मी बोललो असतो.

शेठला सगळं वाचून दाखवलं. पोपटानेही ऐकलं. शेठ म्हणाला, बघ, तुझ्या बापाने माल ओळखला, चालू केल्याशिवाय बोलायचं नाही हे त्याला कळलं, माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना कळत नाही. मी विचारलं, मग शेवटी ती सोय लागली कुठे? शर्यतीत तर बंदच होती. शेठ म्हणाला, जेव्हा कोणी हातात धरेल तेव्हा लागेल. एवढ्या पत्रांनंतर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे असं निघालं. तू आधीच विचारलं असतंस, कॅमेरा कोण धरणार, तर मी एका ओळीत

ताई, थांब. खाली टेम्पोचा हॉर्न वाजतोय. धर्मराज रविवारी येत नाही. प्रमोद झोपेतून उठून शिव्या देतोय.

गॅलरीतून बघून आलो. टेम्पोत भाजी नाही. चांद्या उभा आहे, कपाळाला नवीन गोंडा, आणि अर्धा कॅम्प त्याच्याभोवती जमलाय. पापडवाल्या काकू त्याला गूळ भरवतायत. टेम्पोपुढे बाबा उभा आहे. आपला बाबा, जो कॅम्पात कधी आला नव्हता. कॅमेरा गळ्यात. मला बघून त्याने तो कानाशी धरून हलवला, मग बटण दाबून परत हलवला, आणि वर बघून बोलला, "कल्याणच्या पुढं शर्यत हाय. उतर खाली. कॅमेऱ्याला मानूस पायजे."

मी विचारलं, स्टँड कुठे आहे.

"नाय आनला," म्हणाला. "तिकरं दगड नाय, मानसं लय. हातातच धरायला लागंल."

हे पत्र प्रमोदजवळ ठेवून जातो, तो पोस्टात टाकेल. स्टॅबिलायझेशन चालू करायचं बटण डाव्या बाजूला आहे ना? राहू दे, मीच बघतो.

भूपेश